टीव्हीवरच्या जुन्या खेळांची पारख



सातपाटीचे पापलेट विकत घेताना आपण काय करतो? कोळीणबाई कितीही म्हणाली की, ‘भाऊ, आत्ताच होडीतून उतरवलंय,’ तरी आपण कल्ला उघडून बघतो, अंगठ्याने दाबून बघतो आणि मगच भावाचे बोलणे काढतो. बैल घेताना दात मोजतो. बियाण्याचे भात पाण्यात टाकून किती तरंगते ते पाहतो. म्हणजे पारख करणे आपल्याला काही नवीन नाही. पण घरातले पोर ज्या खेळापुढे तासन्‌तास मान खाली घालून बसते, त्या खेळाविषयी बोलायचे म्हटले की आपल्या घरात दोनच वाक्ये ऐकू येतात. बाप म्हणतो, ‘बंद कर ते आधी!’ आणि पोर म्हणते, ‘थांबा ना, बेस आहे.’ त्यापुढे कोणाचेच बोलणे जात नाही. या दोन वाक्यांच्या पुढे कसे जाता येईल, याचा आमच्या शाळेत एक लहानसा प्रयत्न झाला. तो मी आज तुम्हांला सांगणार आहे.

मी मासवणजवळच्या एका शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवतो. मासवण म्हणजे पालघर-मनोर रस्त्यावरचे, सूर्या नदीकाठचे गाव. आमच्याच नदीचे पाणी इथून उपसून पार वसई-विरारच्या नळांना जाते. तासाभराच्या वाटेवर तारापूर आहे. तिथल्या अणुवीज केंद्रातून १९६९ सालापासून देशाला वीज मिळते. एवढे असूनही आमच्याकडची वीज पावसाळ्यात कधी जाईल याचा नेम नसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

माझे वडील बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जात. १९९५ च्या दिवाळीत बोनस झाला, आणि आम्हा दोघा भावांसाठी त्यांनी एक व्हिडिओगेम आणला. तीस-चाळिशीतल्या पुष्कळ श्रोत्यांना तो डबा आठवत असेल. टीव्हीच्या पाठीमागे एक वायर खोचायची, चॅनेल जुळवायचे, वरच्या खाचेत पिवळी किंवा काळी कॅसेट बसवायची. तिला कार्ट्रिज म्हणतात हे मला पुढे फार उशिरा कळले. आमच्यासाठी ती कॅसेटच होती, आणि हातात धरायच्या त्या वस्तूला आम्ही ‘रिमोट’ म्हणत असू. ‘लिट्ल मास्टर’, ‘मीडिया’, ‘टर्मिनेटर’ अशी या डब्यांची नावे. खरे सांगायचे तर यांतले बहुतेक डबे एका जपानी यंत्राच्या नकला होत्या. आपल्याला हे त्या वेळी ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी दिवाळीच्या दिवशी कोणी विचारले असते असे वाटत नाही.

ते मूळ यंत्र म्हणजे निंटेंडो कंपनीचा ‘फॅमिकॉम’. ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात पत्ते बनवण्यासाठी सुरू झाली. जवळजवळ शंभर वर्षांनी, १५ जुलै १९८३ रोजी, तिने हे यंत्र जपानात विकायला काढले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याने ते घडवले. रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखी जी कळ असते ती तिथल्याच गुनपेई योकोई यांची कल्पना. या योकोईंचे म्हणणे मोठे शहाणपणाचे होते: अगदी ताज्या, महागड्या तंत्राच्या मागे न लागता जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, त्याचाच निराळा उपयोग शोधावा. आपल्याकडे जुन्या लुगड्याची गोधडी होते, तसेच हे.

टीव्हीवरचे खेळ त्याच्याही आधीचे आहेत, बरं का. अमेरिकेत ब्रुकहेवन नावाची अणुसंशोधनाची प्रयोगशाळा आहे. तिथे १९५८ साली विल्यम हिगिनबोथम या शास्त्रज्ञाने, शाळा बघायला यावेत तसे प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून, मोजमापाच्या यंत्राच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडून दाखवला. घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला डबा, राल्फ बेअर यांच्या कल्पनेतला, १९७२ साली बाजारात आला. पण आपल्या गावांपर्यंत पोहोचला तो फॅमिकॉमचा नकली भाऊ, आणि तोही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणाच्या तरी पिशवीतून.

तर आमचा तो डबा माळ्यावर पडून होता. घराची कौले काढून पत्रे घालताना तो खाली आला. अ‍ॅडॅप्टर मेलेला. नवा घेतला, घेताना जुन्यावर लिहिलेले व्होल्ट आणि अधिक-उणे टोक दोन्ही जुळवून घ्यावे लागतात, नाहीतर डबा जळतो. शेजाऱ्यांचा जुना, पाठीमागे ढेरी असलेला टीव्ही मागून आणला, आणि एका शनिवारी सगळे बिऱ्हाड शाळेत नेऊन मांडले. खोटे कशाला बोलू? पहिला हेतू मुलांचा नव्हता. मलाच खेळायचे होते.

कॅसेट घातली, पडद्यावर नुसती करडी पट्टी. मी सवयीने कॅसेट काढली, तोंडाजवळ नेली आणि फूऽ करून फुंकली. परत घातली, लागली! सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, फुंकल्यामुळे लागली की परत बसवल्यामुळे?’ तीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मग आम्ही दहा वेळा फुंकून आणि दहा वेळा नुसतीच काढून-घालून पाहिली. काही फरक नाही. गोष्ट अशी की कॅसेटच्या तळाशी तांब्याच्या पट्ट्या असतात. काढता-घालताना त्या घासल्या जातात आणि वीज जोडली जाते. फुंकरीतला ओलावा उलट त्या पट्ट्यांना गंज चढवतो. पट्ट्या साफ करायच्या तर कापसाला थोडे स्पिरिट लावून पुसाव्या, पूर्ण वाळू द्याव्या. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. खर्च काहीच नाही.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. त्या कॅसेटवर मोठ्या अक्षरांत छापले होते: ‘९९९ खेळ’. लहानपणी मी हे मित्रांना अभिमानाने सांगत असे. वर्गातल्या मुलांनी मोजायला घेतले. एकाने यादीतला अंक सांगायचा, दुसऱ्याने तो खेळ लावायचा, तिसऱ्याने वहीत लिहायचे. दोन शनिवार गेले. निराळे खेळ निघाले चौदा! बाकी सगळे तेच चौदा, कुठे दुसऱ्या स्टेजपासून सुरू केलेले, कुठे नावच बदललेले. ज्या दुकानाने माझ्या वडिलांच्या बोनसमधून ९९९ खेळांचे पैसे घेतले त्याचे नाव घेण्यात आता अर्थ नाही. पण मुलांच्या वहीत पहिले परीक्षण आपोआप लिहून झाले होते. एका मुलाने लिहिले: ‘डब्यावर लिहिलेले खरे नाही. आम्ही मोजले.’

एवढ्यावर मला सुचले की, निबंध लिहायचा म्हटला की जी मुले ‘माझा आवडता ऋतू’ असे एक ओळ लिहून खिडकीबाहेर बघत बसतात, त्यांना खेळाचे परीक्षण लिहायला द्यावे. आमच्याकडे बरीच मुले वारली आणि कातकरी घरांतली आहेत. घरची बोली निराळी, पुस्तकाची भाषा निराळी. पण खेळ त्यांच्या पुढ्यात होता, तो पुस्तकात नव्हता.

पहिल्या खेपेला बत्तीस वह्या आल्या आणि बत्तीसही वह्यांत एकच वाक्य: ‘खेळ बेस आहे.’ मी विचारले, ‘बेस म्हणजे काय? आंबा बेस असतो तसा, की चप्पल बेस असते तशी?’ मुले हसली. मग एक म्हणाला, ‘गुरुजी, मेलो तरी परत खेळावंसं वाटतं.’ मी म्हटले, ‘का वाटतं ते लिही.’ तो बराच वेळ पेन चावत बसला. मग लिहिले: ‘कारण मी का मेलो ते मला कळते.’

श्रोतेहो, खेळाच्या पारखीतले हे मला सर्वांत मोठे माप वाटते, आणि ते मला एका सातवीच्या मुलाने दिले. आउट झाल्यावर चूक कोणाची? माझी असेल तर मी परत खेळेन. खेळाचीच असेल, म्हणजे दिसू नये अशा जागी खड्डा ठेवला असेल, किंवा कळ दाबूनही उडी लागली नसेल, तर तो खेळ लबाड.

या मापाने ‘सुपर मारिओ’ पाहू. हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंदो यांचे. त्याची सुरुवात शिक्षकांनी मुद्दाम बघावी. पडद्यावर मारिओ डाव्या कडेला उभा असतो आणि उजवीकडे सगळी मोकळी जागा. म्हणजे कुठे जायचे ते न सांगता कळले. चार पावले गेल्यावर भुवया चढवलेला एक तपकिरी प्राणी समोरून येतो. त्याला धडकलात की आउट. पण खेळ नुकताच सुरू झालेला, म्हणून गमावले फारसे काही नाही. परत येता, घाबरून उडी मारता, आणि त्याच्या डोक्यावर पडलात तर तोच चपटा होतो. वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा लुकलुकत असतो. त्याला खालून डोके लागले की अळंबी बाहेर पडते, उजवीकडे घसरत जाते, पुढच्या नळावर आपटते आणि उलटी फिरून तुमच्याकडे येते. पळावे म्हटले तरी बहुधा ती अंगावर येतेच, आणि मारिओ मोठा होतो. ती शत्रू नाही, मित्र आहे, हे असे कळते. एक शब्द नाही, सूचनांचा फलक नाही. आमच्या वर्गातली जी मुलगी पाठ्यपुस्तकातली सूचना तीनदा वाचूनही माझ्या तोंडाकडे बघते, ती पाच मिनिटांत हे सगळे शिकली. तिने लिहिले: ‘या खेळाने मला ओरडा न देता शिकवले.’ वही तपासताना माझा हात जरा थांबला, हे कबूल करतो.

आणि हा सगळा खेळ किती जागेत मावतो? चाळीस किलोबाइटांत. तुमच्या मोबाईलने काढलेला एक साधा फोटो दोन-तीन हजार किलोबाइटांचा असतो. एका फोटोच्या जागेत असे पन्नासहून अधिक मारिओ मावतील. म्हणून त्या मंडळींनी काटकसर केली. नीट पाहिलेत तर आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे. नुसता रंग बदलला आहे. हे आमच्या एका मुलाने स्वतःच शोधून काढले आणि आठवडाभर शाळेत रुबाबात फिरला.

सगळी परीक्षणे काही अशी खोल नव्हती. ‘रोड फायटर’ नावाच्या मोटारीच्या खेळाविषयी एका टेम्पोवाल्याच्या मुलीने लिहिले: ‘गाडीला ब्रेक नाही. ठोकर बसली की पेट्रोल कमी होते, हे खरे आहे. पण ब्रेक नसलेली गाडी माझ्या बाबांनी घेतली नसती.’ यात मला काही भर घालता येत नाही.

बदकांच्या शिकारीचा खेळ, ‘डक हंट’, १९८४ चा. त्याला प्लॅस्टिकची बंदूक असते. आमच्या गलोलवाल्या पोरांची त्याच्यावर झुंबड. पण नेम चुकला की गवतातून एक कुत्रा डोके वर काढून हसतो, आणि त्या कुत्र्याचा राग आला नाही असे पोर मी पाहिले नाही. मुलांना वाटे, बंदुकीतून काही किरण निघत असेल. उलटे आहे! बंदूक काही सोडत नाही, ती बघते. घोडा दाबला की सगळा पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. हे इतक्या झटकन होते की डोळ्यांना नुसती लुकलुक जाणवते. बंदुकीच्या नळीतल्या काचेने आधी काळे आणि मग पांढरे पाहिले तर नेम लागला. एका हुशाराने बंदूक सरळ विजेच्या दिव्यावर रोखली. पण दिवा काळा होत नाही, म्हणून बदक काही पडले नाही. ही बंदूक आजच्या चपट्या टीव्हीवर चालत नाही, कारण तिथे चित्र उमटायला किंचित उशीर होतो आणि सगळा मेळ चुकतो. तेव्हा घरात ढेरीवाला टीव्ही चालू स्थितीत असेल तर भंगारात घालण्याआधी जरा विचार करा.

आता माझ्या आवडत्या खेळाकडे येतो, आणि इथे माझी जरा फजिती झाली. कोनामी कंपनीचा ‘काँट्रा’ १९८७ साली आला. घरच्या डब्यावर १९८८ मध्ये. दोघांनी मिळून खेळायचा, बंदुका घेऊन शत्रूंच्या मुलखात शिरायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ यांनी त्यात दोन उन्हाळे घालवले. कळा ठराविक क्रमाने दाबल्या की तीस लाइफ मिळतात, हे गुपित आमच्या आळीत वेदमंत्रासारखे तोंडोतोंडी चाले. ते गुपित मुळात काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी गृहस्थाने १९८६ साली ‘ग्रेडियस’ या दुसऱ्याच खेळात ठेवले होते. स्वतःचाच खेळ तपासताना त्याला तो झेपेना म्हणून! मुलांना मी सांगितले की परीक्षण करणाऱ्याने तीस लाइफ घेऊ नयेत. घेतलीच तर तसे लिहावे. आणि ‘काँट्रा’ हा जगातला सर्वांत चांगला खेळ आहे, असेही वर सांगून टाकले. शिक्षकाने असे बोलू नये, पण बोललो.

या खेळाच्या तिसऱ्या स्टेजला एक धबधबा चढायचा असतो. चढणारा जसा वर जाईल तसे चित्र वर सरकते. दोघांपैकी एक भरभर वर गेला तर मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला सापडतो आणि मरतो. दोन मुलींनी मिळून परीक्षण लिहिले. त्यात होते: ‘धबधब्यावर एकाने घाई केली की दुसरी मरते. जी घाई करते तिला काहीच होत नाही. दोघींचा खेळ म्हणतात, पण हा पुढे जाणारीचा खेळ आहे. आम्ही एक-दोन-तीन म्हणत चढलो तेव्हा पार झालो. पण ते खेळाने शिकवले नाही, आम्ही ठरवले.’

मी आधी वाद घातला. म्हटले, हीच तर गंमत आहे, एकमेकांना सांभाळून घ्यायची. एक मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, तुम्ही वर जायचात की खाली राहायचात?’ मी नेहमी वर जाणारा. धाकटा भाऊ खाली मरायचा, रडायचा आणि मी म्हणायचो, ‘तुला खेळताच येत नाही.’ एका उन्हाळ्यात त्याने रिमोट ठेवला तो ठेवलाच. मी समजत होतो त्याला खेळाचा कंटाळा आला. त्या रात्री भावाला वापीला फोन केला आणि धबधब्याचे विचारले. तो म्हणाला, ‘तुला आत्ता कळलं होय?’ मी मुलींना दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला.

आता कोणी विचारील, हे सगळे जुन्याच खेळांवर कशाला? मुलांच्या हातात मोबाईल आहे, त्यातले खेळ नवे, चित्रे देखणी. खरे आहे. नवे सगळे वाईट आणि जुने सगळे सोने, असे मी म्हणणार नाही. त्या चौदांपैकी पाच-सहा खेळ इतके रद्दी होते की त्यांची नावेही मुलांनी लिहून घेतली नाहीत. शिवाय नवे खेळ करणारे आता आपल्या जवळही आहेत: पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली जगभर विकला गेला. पण पारख शिकायला जुना खेळ सोयीचा पडतो. एक तर तो लहान असतो आणि संपतो. दुसरे, तो बदलत नाही. १९९५ साली मी ज्या खड्ड्यात पडलो, नेमक्या त्याच खड्ड्यात आज माझा विद्यार्थी पडतो. तेव्हा दोघांना एकाच वस्तूविषयी भांडता येते. मोबाईलवरचा खेळ आज एक असतो, पुढच्या महिन्यात अपडेट येऊन दुसराच होतो. आणि पुष्कळसे मोबाईलचे खेळ मध्येच थांबून हात पुढे करतात: पैसे द्या म्हणजे लगेच पुढे जाल, जाहिरात बघा म्हणजे एक लाइफ मिळेल. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, ते बरेच झाले. पण बाकीच्या खेळांची लबाडी ओळखायला कायदा पुरणार नाही. एका मुलाने घरी मोठ्या भावाच्या मोबाईलवरचा खेळ आमच्या मापाने मोजला आणि लिहून आणले: ‘मी चुकलो म्हणून मेलो नाही. मी पैसे देत नाही म्हणून मेलो.’ भावाला वाचून दाखवलेस का, असे विचारले, तर म्हणाला, ‘त्याने मारलं असतं.’

शेवटी एका खेळाचे सांगायचे राहिले. ‘बॅटल सिटी’, नाम्को कंपनीचा, १९८५ चा. आपला रणगाडा, शत्रूचे रणगाडे, मध्ये विटांच्या आणि लोखंडाच्या भिंती, आणि खाली आपला गरुड. गरुड फुटला की खेळ संपला, मग तो स्वतःच्या गोळीने फुटला तरी. या खेळात स्वतःचे मैदान रचता येते. मैदानाच्या आडव्या तेरा आणि उभ्या तेरा चौकटी, म्हणजे एकशे एकोणसत्तर. प्रत्येक चौकटीत वीट, लोखंड, पाणी, झाडी किंवा बर्फ ठेवायचे. आमच्या पोरांनी मासवणच रचले. बर्फाचे काय करायचे ते कळेना, म्हणून पावसाळ्यातला निसरडा रस्ता केला. सूर्या नदी आरपार ओढली आणि पूल विसरले. रणगाडे सगळे अलीकडेच तटून राहिले. पाण्यावरून गोळी जाते पण रणगाडा जात नाही, हे तेव्हा कळले.

मैदान रचून होते न होते तोच वीज जाते, आणि या कॅसेटला आठवण नसते. सगळे पुसले जाते. दोनदा असे झाल्यावर मुलांनी आपणहून चौकटीची वही काढली आणि आधी कागदावर मैदान आखू लागली. गणिताच्या बाईंना आयता पाठ मिळाला.

या खेळाचे परीक्षण एका मुलाकडे होते. फारसा न बोलणारा, मागच्या बाकावरचा. दिवाळी झाली की त्याचे घरचे भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. आमच्या भागातली कितीतरी घरे अशी जातात, आणि हजेरीपटावर कोऱ्या चौकटी मागे राहतात. जायच्या आदल्या दिवशी त्याने वही दिली. तीनच ओळी होत्या. ‘या खेळातली विटांची भिंत लगेच फुटते. विटा कच्च्या आहेत, भट्टी लावलेली नाही. ज्याने हा खेळ केला त्याने वीट केलेली नाही.’

मी वही परत त्याच्याच हातात दिली आणि चौकटीच्या कागदांचा एक गठ्ठा दिला. म्हटले, तिकडे वेळ मिळेल तसे मैदान आख.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो आला. कागद भिजून वाळलेले, कडा करपलेल्या. एका कागदावर पुरी भट्टी आखली होती: मधोमध विटांचा चौकोन, भोवती लोखंड, एका अंगाला पाण्याचा खड्डा, कोपऱ्यात झाडी. ‘झाडीत आमची झोपडी आहे, दिसत नाही,’ तो म्हणाला. गरुड कुठे ठेवायचा ते खेळ आपल्या हाती देत नाही. तो तळाशी, मधोमधच असतो. त्याने गरुडाभोवती विटा न लावता दुहेरी लोखंड लावले होते. आम्ही दोघे टीव्हीपुढे बसलो. तो चौकट वाचून दाखवी आणि मी कळ दाबी. शंभरावर चौकटी भरल्या असतील-नसतील, बाहेर पाऊस वाढला आणि वीज गेली. तो कागद घडी घालून खिशात ठेवू लागला. मी म्हटले, ‘थांब, येईल एवढ्यात.’ आणि आम्ही अंधारात बसून राहिलो.